खुर्ची हमरस्त्यावरची, खुर्ची समुद्रावरची

तिकीट कितीचं, खोली केवढी, लाटा किती उंच, यातलं मावशीने काहीच विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "जहाजावर डोकं धुवाले गोडं पाणी भेटते का व?" आणि लगेच दुसरा, "अन् केस कापाचे झाले तं?"

मामांच्या निवृत्तीचे पैसे आले होते आणि आयुष्यभराची हौस एकदाची फेडायची म्हणून आम्ही घरची अकरा माणसं गेल्या डिसेंबरात मुंबईहून जहाजाने गोवा, लक्षद्वीप करून परत येणार होतो. पाच रात्रींचा प्रवास. अकरापैकी सात जणांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या वडनेर भोलजी गावाहून मुंबई जवळपास पाचशे किलोमीटर. इथे नजर पोचेल तिथवर कापूस, तूर, सोयाबीन. मावशीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. मोठी जहाजं समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतात, त्यामुळे नळाला गोडं पाणी येतं. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला कामाला लावलं. मी शाळेत शिकवते, आणि प्रश्नाचं अर्धवट उत्तर देऊन सुटण्याची मला सवय नाही. जहाजावरच्या सलूनचे दर काढायला बसले आणि त्यांचा अर्थ मला गावातल्या सलूनमध्ये जाऊन कळला.

आमच्या गावाजवळून जाणाऱ्या हमरस्त्याला जुनी माणसं अजून सहा नंबर म्हणतात. सरकारी कागदावर तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. गुजरातेतल्या हजिरा बंदराजवळ सुरू होतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदरात संपतो. दारातला रस्ता दोन्ही टोकांना समुद्रालाच टेकलेला आहे, हे मला नकाशा पाहून त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं. मागे मलकापूर, पुढे नांदुरा आणि तिथला १०५ फुटी हनुमान. या रस्त्यावर चालणाऱ्या हजारो ट्रकवाल्यांना घरापासून आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस लांब राहावं लागतं. त्यांची दाढी वाढते, केस मानेवर येतात. प्रवासात स्वस्तात केस कापून घेणं हा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि तो आमच्यासारख्या गावांनी कधीच सोडवून ठेवला आहे.

मुलाची कटिंग करायची म्हणून मी रस्त्याकडेच्या सलूनमध्ये गेले. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, तुरटीचा खडा, पाण्याचा फवारा, भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर. दुकान चालवणाऱ्या दादांची या धंद्यातली ही तिसरी पिढी. दादांच्या आजोबांकडे दुकान नव्हतं, धोकटी होती. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, छोटा आरसा आणि वस्तरा लावायचा चामडी पट्टा एवढं त्या धोकटीत मावायचं. ते घरोघर, खळ्यावर, झाडाखाली बसून हजामत करायचे आणि सुगी झाली की बलुतं म्हणून ज्वारी मिळायची. आमच्याकडे या माणसांना म्हाली म्हणत. लग्नात, बाळाच्या जावळात, मरणात म्हालीवाचून पान हलत नसे, पण मोबदला किती हे देणारा ठरवी. वडिलांनी रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान टाकलं तेव्हा त्या घरात पहिल्यांदा रोख पैसा आला, आणि तो गावातल्या माणसाकडून नाही, वाटसरूकडून आला.

आता साधी कटिंग सत्तर रुपये, दाढी चाळीस. गावातल्या माणसालाही तोच दर, पंजाबच्या ट्रकवाल्यालाही तोच. मी विचारलं, परक्या माणसाला जास्त का लावत नाही? दादांनी कात्री न थांबवता सांगितलं, "मॅडम, गाडीवाल्याले भाव जास्त सांगतला तं तो नांदुऱ्यात दाढी करते. त्याच्या बुडाखाली चाकं हायेत."

त्या एका वाक्याने माझा शोध सरळ झाला. प्रवासातल्या हजामतीचा भाव कात्रीवर, तेलावर किंवा आरशावर ठरत नाही. गिऱ्हाईक किती अडकलंय त्यावर ठरतो. ट्रकवाला अडकलेला नसतो. जहाजावरचा माणूस पुरता अडकलेला असतो. चहूकडे पाणी, पुढचं गाव दीड दिवसावर, आणि अख्ख्या जहाजावर एकच सलून.

जहाजांच्या कंपन्या बहुतेक वेळा हे सलून स्वतः चालवत नाहीत, बाहेरच्या ठेकेदार कंपनीला देतात. ठेकेदाराच्या उत्पन्नात जहाज कंपनीचा वाटा असतो, सलूनमधल्या मुलामुलींची कमाई बरीचशी कमिशनवर असते, आणि या सगळ्यांचा भार शेवटी खुर्चीवर बसणाऱ्याच्या बिलावर येतो. परदेशी जहाजांवर पुरुषाच्या साध्या कटिंगला तीस-चाळीस डॉलर सहज लागतात, बायकांचं धुणं-कापणं-सुकवणं त्याच्या दीडपट-दुपटीवर जातं. त्यावर सेवाशुल्क म्हणून बहुतेक ठिकाणी आणखी १८ ते २० टक्के आपोआप जोडले जातात. दरपत्रकावर ती रक्कम ठळक नसते, म्हणून खुर्चीत बसण्याआधी 'सगळं धरून किती?' एवढं विचारायचं. आमच्या जहाजावर दर रुपयांत होते. पुरुषाची कटिंग बाराशे. वडनेरात तेवढ्या पैशात सतरा वेळा केस कापून होतात, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष.

या खर्चाला इतिहासही आहे. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या आणि दुसऱ्या वर्गासाठी न्हाव्याची दुकानं होती. तिथे दाढीबरोबर आठवणीच्या वस्तूही विकल्या जायच्या. त्या जहाजावरचा ऑगस्ट वाइकमन नावाचा न्हावी त्या अपघातातून वाचला. म्हणजे जहाजावरची हजामत आणि तिच्या जोडीची विक्री दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या आहेत. आपल्याकडच्या आलिशान डेक्कन ओडिसी गाडीतही स्पा आहे. प्रवास जितका महाग, तितकं सजणंही त्या प्रवासाचा भाग बनत जातं.

नांदुऱ्याकडचा एक मुलगा तीन वर्षांपासून परदेशी जहाजांवर केस कापतो. नाभिक समाजातला, घरी वडिलांचं दुकान. त्याचं माझं फोनवर पाऊण तास बोलणं झालं, तेव्हा त्याचं जहाज भूमध्य समुद्रात होतं. या नोकरीसाठी आधी सुरक्षेचे छोटे अभ्यासक्रम करावे लागतात. आग लागली तर काय, जीवरक्षक नौका कशी उतरवायची, बुडणाऱ्याला कसं धरायचं, हे सगळं कात्री हातात घेणाऱ्यालाही शिकावं लागतं. मग खलाशाचं ओळखपुस्तक निघतं, वैद्यकीय तपासणी होते, आणि आठ-नऊ महिन्यांचा करार. तो म्हणाला, "बाबांच्या दुकानात मी कात्री शिकलो. इथं मॅडम, कात्रीपेक्षा बाटली जास्त विकावी लागते." शाम्पू, सीरम, टाळूची मालिश, चेहऱ्याचा मास्क. कटिंग हे निमित्त. केस कापून झाले की शेवटच्या पाच मिनिटांत माणूस ढिला पडलेला असतो, आणि त्या पाच मिनिटांत त्याला बाटली दाखवायची असते. ती विकली नाही तर महिन्याचं गणित चुकतं.

मी त्याला विचारलं, मग तुमच्या जहाजावर सगळ्यात स्वस्त कटिंग कुठे होते? तो मोकळं हसला. "खालच्या मजल्यावर." प्रवासी जिथे जाऊ शकत नाहीत त्या कर्मचाऱ्यांच्या डेकवर, रात्री अकरानंतर, कुणाच्या तरी दीड माणसाच्या खोलीत खुर्ची मांडतात. स्वयंपाकघरातला, इंजिनातला, खोल्या आवरणारा, ज्याचा हात चांगला तो बाकीच्यांचे केस कापतो. दोन-तीन डॉलर, कधी नुसतं फोनचं रिचार्ज, कधी काहीच नाही. हा मुलगा दिवसभर वर चाळीस डॉलरची कटिंग करतो आणि रात्री खाली तीच कटिंग तीन डॉलरला. दोन्हीकडे हात तोच. वरच्या मजल्यावर त्याला डोकं वर काढायला फुरसत नसते आणि खाली गप्पा मारता येतात, म्हणून त्याला खालची आवडते.

त्याच्याकडून कळलेल्या गोष्टी इथे सांगून टाकते, कारण पुढच्या सुट्टीत अनेक मराठी घरं जहाजावर जाणार आहेत. मुंबईत इंदिरा गोदीजवळच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, आणि आता ही सहल केवळ शहरातल्या श्रीमंतांची राहिलेली नाही. तर, जहाज बंदरात उभं असतं त्या दिवशी सलून रिकामं असतं, तेव्हा सवलती निघतात. जहाज दिवसभर समुद्रात असतं तेव्हा गर्दी असते आणि दर चढे असतात. पहिल्या दिवशी स्पा पाहायला बोलावतात, सोडत काढतात. फुकट बघून यावं, पण तिथेच पूर्ण सहलीचं पॅकेज घेऊ नये. कापण्याआधी 'मला बाटली नको' असं नम्रपणे सांगून टाकलं तर त्या मुलामुलींचा वेळही वाचतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाच-सात रात्रींच्या सहलीत कुणालाही केस कापावे लागत नाहीत. निघायच्या तीन-चार दिवस आधी आपल्या गावातल्या, आपल्या ओळखीच्या हाताने कापून घ्यायचे.

आमच्या घरात तसंच झालं. निघायच्या आठवड्यात वडनेरातल्या सलूनमध्ये आणि पार्लरमध्ये आमची रांग लागली. पार्लर चालवणाऱ्या ताई चौकाच्या आतल्या गल्लीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसतात. आयब्रो चाळीस रुपये, साधं फेशियल तीनशेच्या आसपास. वहिनीला निघायच्या आदल्या दिवशी नवीन प्रकारचं फेशियल करून घ्यायचं होतं. ताईंनी नकार दिला. नवीन काही चेहऱ्याला लावायचं ते आठ दिवस आधी. ब्लीच केलेल्या कातडीला डेकवरचं ऊन झेपत नाही, आग होते. वॅक्स दोन-तीन दिवस आधी करायचं म्हणजे लाली उतरते. आयब्रो शेवटी. मेंदी केसांना लावायची तर आधीच्या आठवड्यात, म्हणजे जहाजाच्या पांढऱ्या उशांवर रंग उतरत नाही. पोहायच्या तलावात जायच्या आधी केस गोड्या पाण्याने भिजवून घ्यायचे, भिजलेला केस क्लोरीन कमी ओढतो. हे सगळं त्यांनी वहिनीला सांगितलं आणि त्या दिवशी फक्त चाळीस रुपये घेतले. तीनशेचं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई मला फार मोठी वाटते. तिला माहीत आहे की वहिनी परत तिच्याकडेच येणार. जहाजावरच्या मुलीला आज समोर बसलेला चेहरा पुन्हा कधी दिसणार नसतो, आणि तिच्या कंपनीने दर ठरवतानाच हे गृहीत धरलेलं असतं. दोष त्या मुलीचा नाही.

बंदरावर उतरून केस कापणं हा तिसरा मार्ग, आणि जुना मार्ग. मामांना रोज दाढी लागते. स्वतःची स्वतः करायची सवय नाही, चाळीस वर्षं म्हालीदादांच्या हातची दाढी. जहाज मुरगावला लागलं तेव्हा सगळे चर्च आणि किनारे बघायला गेले. मामा एकटे वास्कोच्या एका गल्लीत शिरले आणि अर्ध्या तासाने गुळगुळीत गालाने परत आले. ऐंशी रुपये. तो न्हावी कोकणी बोलत होता, मामा वऱ्हाडी, आणि दोघांनी मिळून हिंदीत कापसाच्या आणि माशांच्या भावावर चर्चा केली. मामांनी बसताना एकच गोष्ट सांगितली होती, ब्लेड नवं लाव. ही गोष्ट सगळ्यांनीच कुठेही सांगावी. कावीळ ब आणि एचआयव्हीसारखे आजार वापरलेल्या पात्यातून पसरू शकतात, आणि चांगला कारागीर या सांगण्याने दुखावत नाही. तो समोरच कागद फाडून पातं काढून दाखवतो. विमानाने जाणाऱ्यांनी आपली कात्री आणि पाती हातातल्या पिशवीत ठेवू नयेत, ती मोठ्या सामानात द्यायची. परदेशात सिंगापूरला जहाज पकडणारे मराठी लोक तिथल्या लिटल इंडियात केस कापून घेतात. जपानमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या क्यूबी हाउसने दहा मिनिटांत, हजार येनमध्ये, धुणं-मालिश काहीही न करता नुसती कटिंग द्यायला सुरुवात केली, आणि ती दुकानं आज सिंगापूरातही आहेत. तिथेही ग्राहक घाईत असतो, पण अडकलेला नसतो, म्हणून दर खाली राहतो.

पायी चालणाऱ्यांचं तर वेगळंच आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी, मुक्ताईनगरहून निघून मलकापूर-बुलढाण्याकडून जाणारी मुक्ताबाईंची पालखी, महिनाभराची वाट. त्या वाटेवर गावोगावचे नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी-कटिंग सेवा म्हणून करतात, पैसा घेत नाहीत. आमच्या सलूनच्या भिंतीवर ज्यांची तसबीर आहे ते सेना महाराज न्हावीच होते. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला असते आणि त्या दिवशी दुकान बंद असतं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही त्यांच्या नावाचं एक पद आहे. दादांना हे एका सरदारजी ड्रायव्हरने सांगितलं होतं. तो तसबीर पाहून थांबला होता आणि हात जोडून उभा राहिला होता. केस न कापणाऱ्या धर्माचा माणूस न्हाव्याच्या दुकानात हात जोडतो, ही गोष्ट दादा प्रत्येकाला सांगतात. मलाही त्यांनी दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा मला ती ऐकावीशी वाटली.

पण या व्यवसायाची दुसरी बाजू बोलायलाच हवी. वाटसरूच्या सलूनमध्ये जात विचारत नाहीत. गावातल्या धोकटीत ती विचारली जायची. अनेक गावांत दलितांची हजामत न्हाव्याने करायची नाही अशी सक्ती होती, आणि काही ठिकाणी ती फार उशिरापर्यंत टिकली. गांधीजींनी आत्मकथेत एक प्रसंग लिहिला आहे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी केस कापायचं यंत्र विकत घेतलं, आरशासमोर बसून स्वतःच कापले. पुढचे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टातले मित्र हसले. पण त्या न्हाव्यावर त्यांनी राग धरला नाही, कारण आपल्या देशातला न्हावीही आपल्याच अस्पृश्य बांधवांना हात लावत नाही, हे त्यांना आठवलं. मी हा भाग वर्गात शिकवते तेव्हा मुलांना आमच्या रस्त्यावरच्या सलूनबद्दल सांगते. तिथे एका खुर्चीवर बसलेल्या ड्रायव्हरचं गाव, भाषा, जात दादांना माहीत नसते. दुसऱ्या खुर्चीवर गावातला माणूस असतो आणि टॉवेल दोघांचा एकाच दोरीवर वाळतो. वाहत्या रस्त्याने आमच्या गावासाठी केलेलं हे काम कुठल्याही रस्त्याच्या कोनशिलेवर लिहिलेलं नाही.

आणि याच व्यवसायातल्या माणसांनी १८९० मध्ये मुंबईत एक मोठी गोष्ट केली. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. घरचा रोजगार बुडणार हे माहीत असून. बाईच्या डोक्यावर जबरदस्तीने वस्तरा फिरवणं हे पाप आहे, असं वस्तरा हातात असलेल्या माणसांनीच म्हटलं.

ते मला मावशीमुळे सारखं आठवत होतं.

मावशीचं गाव शेगाव तालुक्यात आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस अचानक जायला लागले. आधी डोक्याला खाज, मग ओढले की केस मुठीत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळकरी पोरी. पावणेतीनशेच्या वर माणसं, अठरा गावं. आधी पाण्यावर संशय गेला, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या आल्या, दिल्ली-चेन्नईहून आयसीएमआरची पथकं आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळलं, आणि बाधित लोकांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं, झिंक कमी झालेलं. हे कळेपर्यंत लोकांनी 'टक्कल व्हायरस' हे नाव ठेवून टाकलं होतं, आणि नाव एकदा पडलं की माणसं लांब बसायला लागतात. आमच्या सलूनमध्येही त्या जानेवारीत गिऱ्हाईकं स्वतःचा टॉवेल घेऊन यायची. शेगावकडून आलेल्या माणसाला आधी 'गाव कोणतं?' विचारलं जायचं. जो प्रश्न त्या दुकानाने दोन पिढ्यांत वाटसरूला विचारला नव्हता तो तेव्हा विचारला गेला. दादा स्वतः हे सांगताना खाली बघत होते.

मावशीचे केस गेले तेव्हा ती आमच्याकडे वडनेरला येऊन राहिली, दोन महिने. साठीची बाई, डोक्यावरून पदर सरकू द्यायची नाही. झोपेतही नाही. घरातल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईने बाईचं असं डोकं पाहू नये म्हणून तोंड फिरवलं, ते तिने पाहिलं होतं. पार्लरच्या ताई एका दुपारी घरी आल्या, दार लावून घेतलं, मावशीचा पदर आपल्या हाताने बाजूला केला आणि खोबरेल लावत बसल्या. बोलल्या काही नाहीत. उठताना सांगून गेल्या की मुळं शाबूत आहेत, केस येणार. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. फेब्रुवारीअखेर मऊ लव आली. डिसेंबरात जहाजावर चढताना केस मानेला टेकत होते, पुढे पांढरे, मागे काळे, टोकं वेडीवाकडी.

म्हणून तिला विचारायचं होतं, जहाजावर केस कापाचे झाले तं. तिला ते कापायचे होते की नव्हते हे तिचं तिलाही ठरत नव्हतं.

चौथ्या दिवशी जहाज समुद्रात होतं. मी आणि मावशी सलून बघायला गेलो. उंच खुर्च्या, मंद दिवे, गवती चहाचा वास. ईशान्येकडची एक मुलगी होती, विशीतली. तिने मावशीला बसवलं, पदर सरकवायच्या आधी डोळ्यांनी परवानगी विचारली. केसांत बोटं फिरवली आणि टाळूच्या उपचाराबद्दल सांगायला लागली. साडेचार हजार रुपये, दोन वेळा, आणि वर एक बाटली. मी हिंदी-मराठी करत होते. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तिले पुस, बाटली विकली तं तिले किती भेटते."

मुलगी गोंधळली, मग हळू आवाजात आकडा सांगितला. मावशीने तिचा हात हातात घेतला. "अन् तुये केस कोन कापते?" तिच्या खोलीतली मैत्रीण, असं उत्तर आलं. खाली, रात्री, काम संपल्यावर. मावशी बराच वेळ तिचा हात धरून बसली होती. मग तिने बाटली घेतली नाही आणि उपचारही नाही, पण केस विंचरून घेतले, नुसते विंचरून. त्याचा दर पत्रकात नव्हता. मुलीने पैसे नको म्हटलं. मावशीने पिशवीतून घरच्या तिळाच्या वड्या काढून तिच्या मुठीत दिल्या.

मुलीची ती पाच मिनिटं फुकट गेली नसावीत असं मला वाटतं, पण तिच्या महिन्याच्या गणितात ती कुठेच धरली जाणार नाहीत, हेही मला माहीत आहे. आम्ही स्वस्त शोधत होतो, आणि स्वस्ताचा शेवटचा रुपया नेहमी खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून जातो. वडनेरच्या सलूनमध्ये दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर निम्म्या-निम्म्या बोलीवर आहे, सत्तरातले पस्तीस त्याचे. डिझेलचा भाव वाढला की ट्रकवाला घासाघीस करतो आणि घाटा या पस्तिसात बसतो. सलूनच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याने या दुकानाला काही फरक पडला नाही, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या कितीतरी खाली आहे आणि तिथे जीएसटी लागतच नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत तीन महिने दोन्ही खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या. २८ जूनला कटिंगला परवानगी मिळाली, दाढीला नाही. तो काळ दादांनी शेतमजुरी करून काढला. सत्तर रुपये फार आहेत असं म्हणायची माझी जीभ आता धजत नाही. मी मुलाच्या कटिंगचे शंभर देते आणि सुट्टे मागत नाही. शेजारणींनाही तसं सांगते.

परत आल्यावर संक्रांतीच्या आधी मावशी पुन्हा वडनेरला आली. एका सकाळी न्हाऊन, डोक्यावर पदर न घेता, आमच्या गल्लीतून पार्लरपर्यंत चालत गेली. मी मागून. हातात पिशवी होती. ताईंनी खुर्ची पुसली. मावशी म्हणाली, टोकं सारखी कर. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या डोक्याला कात्री लागणार होती. ताईंनी कंगव्याने भांग पाडला, थोडंसं, बोटभर कापलं. पांढऱ्या-काळ्या केसांचे तुकडे चादरीवर पडले आणि मावशी ते बघत राहिली.

"किती झाले व?"

ताईंनी मान हलवली. "मावशी, हे तुमचं जावळ हाय. जावळाचे कोनी पैसे घेते का?"

जावळाला दर नसतो, मान असतो. मावशीला ते घरून निघतानाच ठाऊक असावं. तिने पिशवीतून नारळ काढला, खण काढला, वाटीभर तांदूळ काढले, आणि ताईंच्या ओटीत घातले. ताईंनी खण डोळ्यांना लावला आणि नारळ आरशापुढे, पावडरच्या डब्याशेजारी ठेवला. बाहेर हमरस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. पुढचं गिऱ्हाईक दारात चप्पल काढत होतं.